चौथ्या चाकाची हवा

१

नॉरिस विलेट्सच्या दिवसाचा मार्ग ठरलेला होता. सव्वाआठला चहाचा मग घेऊन मागच्या दाराने बाहेर, अंगणातली अकरा पावलं, गॅरेजचं बाजूचं दार, ट्यूबचं बटण, रेडिओ. बाराला जेवायला घरात, एकला परत, चारला ट्यूब बंद, दाराला कुलूप, घर. निघताना तो कधी मागे वळून बघत नसे. ओल्ड हिलच्या एका नळ्यांच्या कारखान्यात त्याने एकोणचाळीस वर्षं लेथवर काढली होती. निवृत्त झाल्यावर कारखान्याचा भोंगा सुटला, वेळा मात्र अंगात राहिल्या.

गल्लीतल्या लोकांची गवत कापायची यंत्रं, बिजागऱ्या, कुणाच्या सायकलचा आस, असलं काहीबाही तो दुरुस्त करून द्यायचा. गॅरेजच्या मधोमध राखाडी चादरीखाली एक छोटी, जुनी मिनी गाडी उभी होती. चाकं काढलेली, चार लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. तिच्याशेजारून जाताना तो अंग चोरायचा, झोपलेल्या माणसाच्या पलंगाजवळून जावं तसा.

गाडी हेझेलची होती. हेझेल ही नॉरिस आणि मॅव्हिसची एकुलती एक मुलगी. आठ वर्षांपूर्वी, सत्ताविसाव्या वर्षी, याच गॅरेजात, याच गाडीत बसल्या बसल्या ती गेली.

मॅव्हिसने तेव्हापासून गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी गॅरेजच्या शटरसमोर उघडायची. तिचा पडदा त्या आठवड्यात ओढला गेला तो गेलाच. भर दुपारी दिवा लावून ती बटाटे सोलायची. नॉरिसने कधी विचारलं नाही. तो गॅरेजात जाऊन बसतो, ती पडदा ओढून बसते, ज्याची त्याची रीत, असं त्याला वाटायचं.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी राखाडी वाटाणे आणि बेकनची ताटली त्याच्यापुढे सरकवत मॅव्हिस म्हणाली, "गाडी जोडीला देऊन टाकू."

जोडी म्हणजे मॅव्हिसच्या बहिणीची मुलगी.

"कुठली गाडी?" नॉरिस म्हणाला.

"आपल्याकडे किती आहेत?"

"ती चालत नाही."

"मग चालव. पुढच्या रविवारी यायचीय ती न्यायला. मेमध्ये सगळे मिनीवाले ब्रायटनला जातात ना, त्यात तिला न्यायचीय. त्या छोट्या चाकांवर. हेझेलला हवी होती तशी."

हेझेलचं नाव त्या टेबलावर फार दिवसांनी आलं होतं. नॉरिसने काट्याने एक वाटाणा ताटलीच्या कडेपर्यंत ढकलत नेला.

"ब्रेकचं काम अर्धवट आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. पुरं कर."

२

मिनीवाली माणसं एरवी शहाणीसुरती असतात, पण चाकांचा विषय निघाला की त्यांचं डोकं फिरतं. गाडीला चांगली बारा इंची चाकं असतात, त्यांच्या आत ऐसपैस डिस्क ब्रेक असतो, आणि यांना हवी असतात जुन्या काळची दहा इंची चाकं, कारण गाडी त्यांच्यावरच खरी दिसते म्हणे. दहा इंची चाकाच्या पोटात ती डिस्क मावत नाही. मग डिस्क लेथवर चढवायची, तिचा घेर अर्ध्या इंचाने उतरवायचा, तिला चिमटा घेणाऱ्या कॅलिपरचे कान घासून तो आत सरकवायचा, त्याचा खांदा कानशीने गोल करायचा. चाक आणि कॅलिपर यांच्यात निदान एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जागा राहिली पाहिजे. चांगला मोठा ब्रेक लहान करायचा आणि त्यासाठी वर महिनाभर घाम गाळायचा, हे फक्त त्यांनाच सुचतं. हेझेल त्यातली होती. नॉरिस तिला वेड्यात काढायचा आणि काम मात्र स्वतःच करायचा.

तेव्हा उतरवलेल्या डिस्क आता गंजून खड्ड्याखड्ड्यांच्या झाल्या असणार. त्याने नव्या मागवल्या. मंगळवारी खोकं आलं. बुधवारी सकाळी त्याने चादर ओढली.

आत सगळ्यावर धूळ होती. स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, डाव्या सीटवर बोट फिरवलं तर रेघ उठेल इतकी. ड्रायव्हरच्या सीटवर नव्हती. नॉरिस ते बघत उभा राहिला. चादर त्या बाजूने नीट बसली असेल, असं त्याने ठरवलं. चादर गाडीच्या बाहेरून असते, आतून नाही, हे त्याला चहा संपल्यावर सुचलं, आणि मग त्याने तो विचार बाजूला ठेवला.

पुढची डिस्क हाताने फिरवून बघितली. हलली नाही. दुसरी हलली नाही. मागचे दोन्ही ड्रमही नाहीत. हातब्रेक सोडलेला होता. आठ वर्षांत गंजाने एखादं चाक धरतं, नाही असं नाही. पण चारही, एकसारखी? त्याने जोर लावला. धरलेल्या ब्रेकची ओढ त्याच्या हाताला पन्नास वर्षं ओळखीची होती. गंज कोरडा धरतो. हे तसं नव्हतं.

उजव्या पुढच्या कॅलिपरच्या पाइपाला पाना लावून त्याने अर्धा आटा फिरवला. तेलाची चिळकांडी सुटली आणि तीन फुटांवरच्या भिंतीवर जाऊन आदळली. त्याच क्षणी गाडीच्या आतून हलकेच टक असा आवाज आला, पेडल तळाला टेकतं तसा.

नॉरिस पाना हातात धरून तसाच उकिडवा बसला. पाइपात इतकी वर्षं दाब राहत नाही. दाब राहायला कुणीतरी पेडल दाबून धरावं लागतं. मास्टर सिलिंडरचं रबर फुगून अडकलं असेल, तो स्वतःशी म्हणाला. जुन्या रबरावर काय वाटेल ते ढकलता येतं.

त्याने आता डिस्क फिरवली. ती सहज फिरली.

३

लेथवर त्याचा जीव रमला, हे खोटं कशाला बोला. बिडाची डिस्क चकमध्ये धरली, मध्य लावला, आणि हत्याराचं टोक कडेला टेकवलं. बीड कातताना लांब तार निघत नाही, काळा भुगा पडतो, आणि हाताला त्याचा वास दिवसभर राहतो. हेझेल लहानपणी तो वास घ्यायला त्याचे हात नाकाशी धरायची. मॅव्हिस म्हणायची, मुलीला बाहुल्या आण. त्याने बाहुल्या आणल्या. हेझेलने त्यांना लेथसमोर ओळीने बसवून ठेवलं.

गुरुवार संपेपर्यंत दोन्ही डिस्क उतरल्या. कॅलिपर खोलून, नवी रबरं घालून, खांदे घासून झाले. आता जागा मोजायची. चाकाच्या आतल्या बाजूला मातीचे छोटे गोळे चिकटवायचे, चाक चढवून एक फेरा फिरवायचं, काढायचं आणि माती किती दबली ते बघायचं. फळीवर बिस्किटांचा एक डबा होता, त्यात हेझेलची लहानपणची रंगीत खेळण्याची माती. मागच्या खेपेला तिनेच ती काढली होती. "वीस वर्षं जपली ती कशाला?" म्हणाली होती.

डबा उघडला तर माती वाळून खडा झालेली. त्यात मागच्या खेपेचे चार गोळे होते, चाकावरून काढून परत टाकलेले. निळ्या गोळ्यावर अंगठ्याचा ठसा होता. इतका स्पष्ट, की मधली बारीक जखम सुद्धा दिसत होती. नॉरिसने त्यावर आपला अंगठा ठेवला नाही. ठेवावासा फार वाटला.

त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी माती आणली. जागा एक सूत निघाली, सगळीकडे सारखी. आता फक्त हवा काढायची राहिली.

४

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली, कॅलिपरवरच्या बारीक तोटीला, निपलला, पाना लावून. एक वर, पेडलवर पाय ठेवून. खालचा म्हणतो, दाब. वरचा दाबतो आणि म्हणतो, दाबलं. खालचा निपल उघडतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघतात, निपल बंद करतो, म्हणतो, बंद, सोड. वरचा म्हणतो, सोडलं. सोड म्हणायच्या आत पाय उचलायचा नाही. उचलला तर पाइप उलट हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून.

हेझेल सहा वर्षांची असल्यापासून पेडलवर होती. पाय पुरायचा नाही म्हणून सीटच्या कडेला उतरून, स्टिअरिंगला लोंबकळून दाबायची. एकदा नॉरिसच गडबडला, निपल बंद करायच्या आधी सोड म्हणाला, आणि सगळी सकाळ पाण्यात गेली. तेव्हापासून ती विचारायला लागली, "नक्की, डॅड?" आणि तो "नक्की" म्हटल्याशिवाय पाय उचलायची नाही. नऊ वर्षांची असताना तर तिने कहर केला. तो मध्येच चहाला म्हणून घरात गेला आणि विसरला. अर्ध्या तासाने आला तर ही तशीच, पाय पेडलवर, चेहरा लालबुंद. "तू सोड म्हणालाच नाहीस," म्हणाली. ही गोष्ट त्याने क्लबात वर्षानुवर्षं सांगितली. लोक हसायचे, तोही हसायचा.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी तीन चाकं झाली होती. चौथं, ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं, शेवटचं.

"दाब."

"दाबलं."

तेवढ्यात त्याला दिसलं की वरच्या टाकीत तेल तळाला गेलंय. "धरून ठेव," तो म्हणाला. "पोर्चमधून डबा घेऊन आलो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं."

पोर्चपाशी कुंपणापलीकडे शेजारचा सिरिल ब्लूमर उभा होता. त्याचं शर्यतीचं कबुतर फ्रान्सहून पहिलं परत आलं होतं आणि ते कुणालातरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. नॉरिसने ऐकलं. वाऱ्याची दिशा, कबुतराची आई, मागच्या वर्षी हरवलेलं दुसरं एक. वीस मिनिटं.

परत आला तेव्हा हेझेलचं डोकं काचेला टेकलं होतं. पाय पेडलवरच होता. डोक्यातली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. नॉरिसने मान हलवली. मॅव्हिसला त्याने सांगितलं की तो दोन मिनिटं गेला होता.

५

एकट्याने हवा काढायची एक नळी मिळते, झडप असलेली. तेल बाहेर जाऊ देते, हवा आत येऊ देत नाही. शुक्रवारी त्याने ती आणली. नवी बॅटरी जोडली, टाकी भरली, नळी मागच्या डाव्या चाकाला लावली आणि ड्रायव्हरच्या दाराशी गेला.

सीटवर तो बसला नाही. बाहेर गुडघे टेकून, हात आत घालून, तळव्याने पेडल दाबलं. वीस वेळा, तीस वेळा. नळीतले बुडबुडे संपले. मागचं उजवं झालं. पुढचं डावं झालं. बारा वाजले. जेवायला गेला नाही.

चौथ्या चाकाला नळी लावायला घेतली तर ती निपलवर बसेना. तीच नळी, तोच निपल. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा फाटली. नॉरिसने तिला एक शिवी हासडली आणि दुसरं काही सुचेना म्हणून साधी नळी लावून दुसरं टोक काचेच्या बरणीत सोडलं. आता निपल उघडण्याआधी पेडल किती घट्ट झालंय ते बघावं म्हणून गुडघ्यांवर सरकत दाराशी गेला, हात आत घातला.

पेडल जागेवर नव्हतं. तळव्याला हवाच लागली. त्याने हात खाली नेला. पेडल अर्ध्यावर दबलेलं होतं आणि तिथेच उभं होतं.

त्याच्या रबरावर त्याने बोटं ठेवली. रबर कोमट होतं.

नॉरिसने हात काढून घेतला. स्प्रिंग तुटली असेल. रबर कोमट कारण सकाळपासून आपणच दाबतोय. त्याने रेडिओ बंद केला. मग त्याला वाटलं, उगीच बंद केला, कारण आता सगळं ऐकू येत होतं: छपरावरची चिमणी, बरणीत पडणारा थेंब, आणि सीटच्या स्प्रिंगा. बसलेलं माणूस जरासं हललं की वाजतात तशा.

बॅटरी तपासायची म्हणून सकाळी त्याने किल्ली फिरवून ठेवली होती. त्याने मागे बघितलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, पाठ शटरकडे. शटरच्या आतल्या बाजूवर लाल उजेड पडला होता, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ब्रेकचे दिवे.

६

तो परत चाकापाशी जाऊन आडवा झाला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पळून जायला हवं होतं. पण अर्धवट काम आणि हातात पाना, आणि शरीराला फक्त तेवढंच ठाऊक. त्याने पाना निपलला लावला आणि तोंडातून निघून गेलं, "दाब."

कुणी काही बोललं नाही. सीट वाजली. नळीतलं तेल तसूभर हललं.

कॅलिपरचा खांदा मागून बघायला तो एक छोटा गोल आरसा वापरायचा, लांब दांड्याचा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा पण मोठा. तो त्याच्या छातीवर पडला होता. त्याने तो उचलला आणि दांडा लांब करून, डोक्यामागे, उघड्या दाराच्या दिशेने धरला.

आरशात आधी छत दिसलं. मग स्टिअरिंगची कड. मग गुडघा.

फिकट निळी जीन, मांडीवर पांढऱ्या रंगाचा डाग. त्या डागासकट ती जीन मॅव्हिसने स्वतः घडी घालून दवाखान्यातून आणली होती आणि वरच्या कपाटात ठेवली होती. नॉरिसला वाटलं होतं, भीती वाटेल. तशी वाटली. पण ज्याने त्याचं काळीज चिरलं ते वेगळंच होतं. गुडघा थरथरत होता. फार वेळ एकाच जागी जोर लावून धरलेला पाय थरथरतो तसा, बारीक, न थांबता. नऊ वर्षांची असताना थरथरत होता तसाच.

त्याने आरसा छातीवर पालथा ठेवला.

"धर हं," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आलोच मी."

अंगणातल्या अकरा पावलांपैकी तिसऱ्या की चौथ्या पावलाला त्याला कळलं, की आपण तिला पुन्हा तेच सांगून निघालो.

७

मॅव्हिस टेबलाशी चहा ओतत होती. पडदा ओढलेला, दिवा लावलेला. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि किटली खाली ठेवली.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही. "मॅव्हिस, गाडीत..."

"लाल दिवा लागलाय ना."

नॉरिसने खुर्चीची पाठ धरली.

"चारला तू ट्यूब बंद करून आत येतोस," ती म्हणाली, "आणि शटरखालून दिसतो. लाल पट्टी. पहिल्या आठवड्यापासून. तू कधी वळून बघितलं नाहीस. मी मात्र रोज इथेच उभी असायची, भांडी घासत. म्हणून पडदा ओढला."

"बॅटरी नव्हती त्या गाडीत. आठ वर्षं नव्हती."

"मला बॅटरीतलं काय कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे." ती ओट्याकडे वळली, कप सारखे करायला लागली, जे आधीच सारखे होते. "मला वाटलं म्हणूनच रोज जाऊन बसतोस. तिच्यापाशी. मला त्यातलं काही नव्हतं, नॉरिस. मला नुसता तो पडदा होता. रागही आला तुझा, खोटं नाही सांगत. मग म्हटलं असू दे, एकाला तरी."

तो म्हणाला, "तिचा पाय थरथरतोय."

मॅव्हिसचा हात कपावर थांबला.

"त्या दिवशी परत आलास तेव्हा तिला काय म्हणालास?" तिने विचारलं.

"नाव घेतलं तिचं. ओरडलो. काय म्हणणार?"

"सोड म्हणालास?"

नॉरिसने मान हलवली. नाही.

"मग ती कशी सोडेल? तूच शिकवलंस ना तसं."

"मॅव्हिस, मी दोन मिनिटं नव्हतो गेलो. सिरिलशी बोलत होतो. वीस मिनिटं. कबुतरांबद्दल."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी याच खिडकीतून बघत होते. हाक मारणार होते तुला, चहा झाला म्हणून. म्हटलं, बोलू दे, बिचारा कधी कुणाशी बोलतो. तेव्हा तुझ्या एकट्याचं नाही ते." तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले आणि एक कप बशीवर ठेवला. साखर दोन चमचे. त्या घरात दोन चमचे साखर फक्त हेझेल घ्यायची. "चल. दमली असेल ती."

८

मॅव्हिस दाराच्या आत एक पाऊल आली आणि तिथे थांबली. पुढे यायचं तिला झेपलं नाही. कपबशी दोन्ही हातांनी धरून ती शटरवरच्या लाल उजेडाकडे बघत राहिली.

नॉरिस थंड फरशीवर आडवा झाला. पाना निपलला लावला. आरसा उचलला नाही. आता गरज नव्हती, सीटची बारीक कुरकुर ऐकू येत होती, थांबत नव्हती. त्याने निपल अर्धा आटा उघडला. बरणीत एक बुडबुडा आला, मोठा, एकच, जणू आठ वर्षं पाइपात अडकलेला. मागून स्वच्छ तेल. पेडल हळूहळू तळाशी जाताना त्याला कळलं. त्याने निपल बंद केला.

"बंद," तो म्हणाला.

पुढचा शब्द तेवढा राहिला होता. नॉरिस छताकडे बघत पडून राहिला. नाही म्हटला तर? उद्या सव्वाआठला तो चहा घेऊन येईल, ती असेल. परवाही असेल. मॅव्हिसला खुर्ची आणून देता येईल. पडदा उघडता येईल. जोडीला सांगता येईल, गाडी होत नाही, दुसरी बघ. मुलगी इथे आहे, हाताच्या अंतरावर आहे, आणि तिला जा म्हणायचं, हे कुठल्या बापाने करावं? त्याला ते करायचं नव्हतं. जगात दुसरं काही नको होतं त्याला, फक्त हे करायला लागू नये.

सीट कुरकुरत होती.

"सोड, हेझेल," तो म्हणाला.

काही झालं नाही. लाल उजेड होता तिथेच होता. नॉरिसला वाटलं, ऐकू गेलं नसेल, आणि त्याला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

मग गाडीतून, दमलेल्या पण अगदी नेहमीच्या आवाजात, कुणीतरी विचारलं, "नक्की, डॅड?"

दाराशी बशीवर कप वाजायला लागला. मॅव्हिसनेही ऐकलं होतं.

नॉरिसने डोळे मिटले. पाना छातीशी घट्ट धरला. त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"नक्की, पोरी."

पेडल वर आलं. सावकाश, पूर्ण, जसं यायला हवं तसं. सीटच्या स्प्रिंगा एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या. शटरवरचा उजेड गेला. "सोडलं" असं कुणी म्हणालं का, यावर नॉरिस आणि मॅव्हिस यांचं पुढेही कधी एकमत झालं नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला. मॅव्हिसने कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता. त्याने दहा इंची चाक उचलून चढवलं, चार नट आवळले, आणि तळव्याने त्याला एक हलका फेरा दिला. चाक कुठेही न घासता फिरत राहिलं, चहूकडे एक सूत जागा ठेवून. ते थांबेपर्यंत दोघंही तिथेच उभे होते.